पायाळूचा शब्द

नारळ माझ्या तळहातावर आपोआप कधीच उभा राहिला नाही. एकदाही नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. साठी उलटून गेली, आता सांगून टाकतो. त्यातल्या त्यात हे सोपं आहे. अवघड ते पुढे आहे, म्हणून हे आधी.

मी पायाळू. जन्मताना डोक्याआधी माझे पाय बाहेर आले. आमच्या खानदेशात अशा माणसाला जमिनीच्या पोटातलं पाणी कळतं, असं मानतात. कुणाच्या कंबरेत उसण भरली, तर पायाळूला बोलावून तीनदा लाथ मारून घेतात. लहानपणी मोठमोठी माणसं माझ्यासमोर पालथी पडायची आणि म्हणायची, "हाण रे, लाजू नको." मग ती उठून चालायला लागायची. त्यांना बरं कशानं वाटायचं, मला ठाऊक नाही.

पाण्याचंही असंच सुरू झालं. मी शिंदखेड्याकडे मामांच्या गावी वाढलो. आई नव्हती, वडील असून नसल्यासारखे. तिथल्या एका म्हाताऱ्यानं माझ्या हातावर आडवा नारळ ठेवला आणि मला वावरभर फिरवलं. पाणी असेल तिथं नारळ उभा राहतो म्हणे. पाय भाजत होते, मागून पंधरा-वीस माणसं चालत होती आणि नारळ काही हलेना. शेवटी मी अंगठ्याखालचा मांसल भाग जरासा दाबला, बोटं सैल सोडली, तशी नारळाची शेंडी वर आली. लोक ओरडले. मला वाटलं, चोरी पकडली गेली. पण ते आनंदानं ओरडत होते.

पुढे मास्तरकी लागली ती यावल तालुक्यात, केळीच्या पट्ट्यात. सातपुड्याच्या पायथ्याशी त्या काळी कुठंही खोदलं तरी पाणी लागे. मी दाखवलं नसतं तरी लागलं असतं. पण नाव माझं झालं. वर्गात मी मुलांना शिकवायचो, की आपल्याकडचा काळा पाषाण पाणी धरत नाही, पाणी राहतं ते मुरमात आणि भेगांत. आणि रविवारी कुणाच्या तरी बैलगाडीत बसून, नारळ घेऊन निघायचो. दोन्ही गोष्टी एकाच माणसात राहतील का? राहत होत्या. मी कुणाकडून काही घेत नसे, याचा वर अभिमान. घेतलं असतं तर बरं झालं असतं असं आता वाटतं. लोकांनी निदान जाब तरी विचारला असता.

शाळेला लागून एक मोठी बाग होती. तिथं एक सालदार होते, म्हणजे सालभराच्या बोलीवर राबणारा गडी. त्यांना सगळे नाना म्हणत. त्यांची बायको त्याच बागेत केळीची पानं काढायची. त्यांना अक्का म्हणत. त्यांची एकुलती एक मुलगी माझ्या वर्गात होती. नानांचं काम पाणी भरण्याचं. पहाटेपासून हातात फावडं घेऊन रांगेरांगेनं केळीला पाणी सोडायचं. वर्षानुवर्षं तेच.

"मास्तर," ते एकदा शाळेच्या ओट्यावर बसून मला म्हणाले, "माझ्या हातून जेवढं पानी गेलं ना, तेवढ्यात आनखी एक तापी झाली असती."

अक्का बाजूला पानांचा भारा बांधत होत्या. म्हणाल्या, "तापी ऱ्हाऊ द्या. घरात प्यायचा हंडा रिकामा हाये, तो भरा आधी."

"हे असं हाये बघा. बायकोले तापी दाखवली तरी हिचं लक्ष हंड्यावर."

दोघं असे बोलायचे. एकमेकांना चिमटे काढत, पण त्यात ओल असायची. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. कारण पुढे ते बोलणं बंद झालं, आणि ते मी बंद केलं.

नानांना आपलं वावर घ्यायचं होतं. यावलच्या पट्ट्यात त्यांना ते सात जन्मांत जमलं नसतं. तापीच्या पलीकडे, पश्चिमेला, धुळे जिल्ह्याच्या माळावर जमीन स्वस्त होती. कारण उघड होतं. त्या बाजूला चैत्रात उभं राहिलं, तर नजर जाईल तिथवर राखाडी फुफाटा, मध्येच एखादं खुरटं बाभळीचं झाड आणि शेळ्यांनी खाऊन उरलेला निवडुंग. पण नानांचा विचार असा, की पाणी नाही म्हणून जमीन स्वस्त आहे, आणि स्वस्त आहे तोवरच आपल्याला मिळेल. पाणी आपण शोधू. ज्या माणसानं आयुष्य पाण्यात काढलं, त्याला पाणी मिळणार नाही, असं त्यांना वाटतच नव्हतं.

जमीन मीच सुचवली. ऐंशीचं दशक निम्म्याच्या पुढे गेलं होतं तेव्हा. मामांची मुलं सुरतेला लूमवर लागली होती आणि मामा वावर विकून त्यांच्याकडे जायच्या विचारात होते. मला वाटलं, दोघांचंही भलं होईल. तेव्हा मला खरंच एवढंच वाटलं होतं.

आमच्याकडे रीत अशी, की विहीर नसलेलं वावर घ्यायचं असेल तर इसार देण्याआधी पाणी बघतात. पाणी बघायला मीच असणार, हे कुणी बोललंही नाही. ते ठरलेलंच होतं. नाना आणि अक्का सकाळच्या एस्टीनं येणार होते. मी आदल्या दिवशीच मामांकडे गेलो. सकाळी आम्ही दोघं वावरात गेलो, तर निंबाखाली एक देव बसलेला. गुडघाभर उंचीचा दगड, ताजा शेंदूर, पुढे दोन अगरबत्तीच्या काड्या. माझं लहानपण त्या निंबाखाली गेलेलं. तिथं कधी देव नव्हता.

"मामा, हा कोण देव?"

मामांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग हसले. "बोअर शे त्याखाले."

दोन वर्षांपूर्वी त्यांनी बोअर मारलं होतं. गाडी सबंध दिवस चालली आणि नुसती भुकटी उडाली. पाण्याचा थेंब नाही. मामांनी पाईप उपटून विकला, भोकावर फरशी टाकली आणि फरशीवर देव बसवला.

"दगडले शेंदूर लावा का देव व्हस," मामा म्हणाले. "रिकामा खड्डाले काय लावशी? कोन इकत ली?" कोरड्या बोअरचं वावर विकत कोण घेणार, असा त्यांचा हिशेब.

"गावातलं कुणी बोलेल."

"गाव कसाले बोली? ज्यानं त्यानं आपलं झाकेल शे." मग ते जवळ आले. त्यांच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता. "भाचा, तू फक्त 'पानी शे' इतलंच बोल. बठ्ठं निभी जाई." सगळं निभावून जाईल, असं त्यांचं म्हणणं.

मामांनी मला वाढवलं होतं. मला मास्तर व्हायला धुळ्याला ठेवलं, तेव्हा मामी तोंडावर म्हणाली होती, की स्वतःची पोरं अनवाणी फिरतात आणि भाच्याला बूट. मामांनी यातलं काही त्या सकाळी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर कदाचित मला राग आला असता आणि मी सुटलो असतो. ते नुसते निंबाखाली बसले आणि म्हणाले, "मन्हं वय झायं रे. आते नही निंघानं तर मंग आठेच मरसू." इथंच, या माळावर.

नऊच्या सुमाराला नाना आणि अक्का बांधावर आले. पाणी बघताना कातडं अंगावर चालत नाही, म्हणून नानांनी चपला बांधाबाहेर काढल्या, कमरेचा पट्टा काढला, पैशांचं चामडी पाकीटही चपलांवर ठेवलं. जमीन तापली होती. ते अनवाणी आत आले ते थेट निंबाखाली गेले आणि त्या दगडाला दोन्ही हात जोडून, डोकं टेकवून नमस्कार केला. मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी नारळ घेतला. सबंध वावर उभं-आडवं फिरलो, निंबापासून लांब राहून. नाना माझ्या मागे चार पावलांवर. पूर्वेच्या कोपऱ्यात मी थांबलो. ती जागा का निवडली म्हणाल, तर तिथं एका बाभळीची थोडी सावली होती. अंगठ्याखालचा भाग दाबला. नारळ उभा राहिला.

नाना गुडघ्यावर बसले. त्यांनी तळहात जमिनीवर असा ठेवला, जसा आपण तापल्या मुलाच्या कपाळावर ठेवतो. "मास्तर, पानी हाये ना?"

"आहे."

"किती खोल?"

"पन्नास फुटांच्या आत."

एवढं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं 'आहे' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण खोटं बोलताना माणूस आकडा सांगतो.

जेवायला अक्कांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा आणला होता. मामा आणि नाना इसाराचं बोलत बांधाकडे गेले. अक्कांनी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"मास्तर, तुमचं तोंड बरं दिसत नाही."

"ऊन."

"ऊनच ना? दुसरं काही असेल तं सांगा. आम्ही वापस जाऊ. यांचं काय, हे तं नादावले हायेत. तुम्ही नाही म्हटलं तं ऐकतील. दुसऱ्या कोनाचं नाही ऐकनार."

"ऊनच," मी म्हणालो, आणि त्यांच्या तांब्यातलं पाणी प्यालो.

त्या घटकेला त्या बाईनं दार सताड उघडून धरलं होतं. मला फक्त बाहेर यायचं होतं.

खरेदीखत झालं. मामा सुरतेला गेले. नानांनी सालदारकी सोडली आणि त्या वावरात झोपडी बांधली. पुढच्या उन्हाळ्यात मला पोस्टकार्ड आलं. अक्षर त्यांच्या मुलीचं, मीच वळण लावलेलं. 'मास्तर, बोअरला पाणी लागले नाही. नाना म्हणतात, बोअर बारीक असते, झरा बोटभर चुकला असेल. आता विहीर खोदणार आहोत. तुम्ही दाखवलेल्या जागीच.'

ते कार्ड मी खिशात घालून आठ दिवस फिरलो. मग फाडलं.

शेजारच्या शेतकऱ्यानं नानांना सांगितलं होतं, की खालच्या अंगाला नाल्याजवळ बघ, तिथं मुरूम आहे, थोडंफार पाणी असेल. नाना म्हणाले होते, "पायाळूनं दाखवलेली जागा सोडून दुसरीकडं कशाले खोदू?" हे मला नंतर त्यांनीच अभिमानानं सांगितलं. दुसऱ्या कुणी जागा दाखवली असती, तर त्यांनी दोन-तीन ठिकाणी नशीब अजमावलं असतं, कोण जाणे, कुठंतरी ओल लागली असती. पण पायाळूनं जागा दाखवल्यावर दुसरीकडे बघणं म्हणजे त्याच्या शब्दावर अविश्वास, आणि अविश्वास दाखवला की असलेलं पाणीही पळतं, अशी आमच्याकडची समजूत. माझा शब्द मोडू नये म्हणून ते तिथंच खोदत राहिले.

दुसऱ्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी गेलो. जायचं टाळत होतो, पण आणखी टाळलं असतं तर संशय आला असता. मी गेलो तो एवढ्यासाठीच. विहीर चाळीस फुटांच्या पुढे गेली होती. वर मुरूम, मग थोडा मऊ खडक, आणि त्याखाली काळा पाषाण, ज्याविषयी मी वर्गात शिकवायचो. सुरुंग लावायचे, दगड फोडायचे, टोपल्यांनी वर काढायचे. माणसं लावायची ऐपत संपली होती. नाना खाली, अक्का वर दोरीला.

त्या दिवशी अक्का झोपडीत पडून होत्या. टोपली ओढताना कंबरेत उसण भरली होती.

"बरं झालं आले," नाना म्हणाले. "देवानंच पाठवलं. हिच्या कंबरेले पाय लावा."

मी नको म्हणालो. काहीतरी पुटपुटलो, की अक्का मला मोठ्या बहिणीसारख्या आहेत.

अक्का गोधडीवरून म्हणाल्या, "लावा मास्तर, लाजू नका. जन्मभर यांचं ऐकून घेतलं, तुमची एक लाथ काय जड हाये?" त्या हसायला गेल्या आणि कळ येऊन थांबल्या.

मी त्यांच्या पाठीला तीनदा पाय लावला. पाठीचं हाड पायाला लागलं. दोरीनं खांद्यावर वळ उठला होता, तो चोळीच्या वर दिसत होता. त्या उठून बसल्या, म्हणाल्या, "हलकं वाटतं." खरंच वाटलं, की माझ्यासाठी म्हणाल्या, मला कळलं नाही.

नंतर मी आणि नाना विहिरीच्या काठावर बसलो. आत बघितलं तर तळाला पांढरी धूळ, त्यावर पहार आडवी पडलेली. मग नानांनी विचारलं, अगदी सरळ, न रागावता.

"मास्तर, तुमचा हात खोटा नाही. ते मले माहीत हाये. मंग चूक कुठं झाली?"

हे गाळता आलं असतं. पण लिहायचंच म्हणून बसलोय.

तेव्हा सांगता आलं असतं. निंबाखाली चला, तो दगड हलवा, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मामा सुरतेत होते. फार तर काय झालं असतं? माझी अब्रू गेली असती. मामांची गेली असती. नानांनी मला त्या विहिरीत ढकललं असतं, तरी ते रास्त होतं. पण माझ्या मनात तेव्हा एकच गोष्ट होती, ती म्हणजे हा प्रश्न माझ्यावरून दुसरीकडे कसा जाईल. आणि तोंडातून निघालं:

"त्या दिवशी अक्का वावरात आल्या होत्या. त्यांना अडचण तर नव्हती?"

अडचण म्हणजे बायकांची महिन्याची अडचण. पाणी बघताना विटाळाची सावली पडली तर पाणी जागा सोडतं, असा नेम सांगतात. माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. विज्ञानाचा मास्तर मी.

नानांनी मान वळवून झोपडीकडे पाहिलं. अक्का दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

"काय वं," नाना म्हणाले. "होती का?"

दोन वर्षांपूर्वीचा एक दिवस. कुणाला आठवणार? अक्कांनी आठवायचा प्रयत्न केला, मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्या म्हणाल्या, "आठवत नाही."

"आठवत नाही म्हनजे?"

"आठवत नाही म्हनजे आठवत नाही."

त्या आत गेल्या. मी दुपारच्या एस्टीनं निघालो. एस्टीत मला झोप लागली, गाढ. हेही सांगायला हवं, की मला झोप लागली.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. त्या 'आठवत नाही'चं वर्षभरात 'असेल' झालं, आणि मग 'होती' झालं. हे अक्कांनी स्वतःच केलं. कुणी त्यांना मारलं नाही, शिवी दिली नाही. नानांनी फक्त त्यांना विहिरीजवळ येऊ देणं बंद केलं. टोपल्या एकटेच ओढू लागले. खाली उतरायचे, भरायचे, वर चढायचे, ओढायचे. त्यांच्यातलं ते चिमटे काढणं संपलं. मुलीनं मला एकदा सांगितलं, "मास्तर, घरात आता फक्त भांडी वाजतात." गावात ही गोष्ट कशी पसरली कोण जाणे. हापशीवर बायका अक्कांना म्हणायच्या, "अक्का, तू मांगे ऱ्हाय, नही ते हापशीबी आटी जाई." थट्टाच ती. पण अक्का खरंच मागे राहायच्या. सगळ्यांचं भरून झाल्यावर हंडा लावायच्या.

आणि दर शनिवारी निंबाखालच्या त्या देवाला दिवा लावायच्या. चूक पदरात घे म्हणायच्या.

विहीर साठ फुटांवर पोचली तेव्हा नाना थांबले. शरीर थांबलं. वावरात पावसाळी बाजरी व्हायची, ती अक्का करायच्या. नाना परत यावलकडे आले, त्याच बागेत, त्याच मालकाकडे, दुसऱ्याच्या केळीला पाणी भरायला. अक्का तिकडे, हे इकडे. एका संध्याकाळी ते शाळेच्या ओट्यावर येऊन बसले. केस पूर्ण पांढरे झाले होते.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमच्या शब्दात खोट नव्हती. खोट माझ्याच घरात निघाली."

मी म्हणालो, "नाना, असं म्हणू नका."

एवढंच म्हणालो. ते त्यांना माझा मोठेपणा वाटला.

त्यानंतर मी पाणी बघणं सोडलं. कुणी बोलवायला आलं की सांगायचो, हाताची शक्ती गेली. म्हणजे सोडतानाही खोटंच बोललो. कधीकाळी शक्ती होती, असंच त्यातून निघत होतं. लोक हळहळायचे. एक जण तर देवाला नवस बोलला, माझी शक्ती परत यावी म्हणून.

मी स्वतःची समजूत अशी घातली होती, की मामा आहेत तोवर बोलता येणार नाही. ज्यानं वाढवलं त्याला म्हातारपणी चोर ठरवायचं कसं? मग मामा सुरतेत वारले. मी जाऊन आलो, रडलो, परत आलो. कारण संपलं होतं. तरी बोललो नाही. मग म्हणालो, आता नाना थकलेत, या वयात त्यांना धक्का कशाला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नाना गेले. बागेतल्या झोपडीतच तापानं पडले होते. मी दोनदा पाहायला गेलो. दुसऱ्या वेळी ते शुद्धीवर होते आणि झोपडीत आम्ही दोघंच होतो. मी त्यांना मोसंबी सोलून दिली.

दहाव्याला मी त्यांच्या वावरात गेलो. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. बायका उठून गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी पदर सारखा केला आणि हात जोडले. माझ्यापुढे.

"मास्तर, माझ्यामुळं तुमचा शब्द खाली पडला. तुमची विद्या गेली. यांनी मरेपर्यंत तेच मनात धरलं. मले माफ करा."

"अक्का, हात जोडू नका," मी म्हणालो आणि उठलो. शेवटची एस्टी होती, असं सांगितलं. शेवटची नव्हती.

गेल्या वर्षी जामनेरच्या स्टँडवर अक्का भेटल्या. त्या आता तिकडे लेकीकडे असतात. डोळ्यांना कमी दिसतं, पण माझा आवाज ओळखला. चौकशी झाली, चहा झाला. लेकीकडे विहीर खोदायला घेतलीय म्हणाल्या. मी म्हणालो, वा, चांगलं झालं. त्या म्हणाल्या, "हो. म्हनून तं मी निघाले. विहीर होईपर्यंत बहिनीकडं ऱ्हाते. जावई काही बोलत नाही, लेक तं रडतच होती, जाऊ नको म्हने. पन मीच म्हटलं, कशाले उगीच. माझी सावली नको."

त्यांचं वय सत्तरीच्या आसपास असेल. ज्या अडचणीचं मी बोललो होतो, ती संपूनही कितीतरी वर्षं झाली. तरी एक बाई पिशवी घेऊन स्टँडवर बसली होती, लेकीच्या विहिरीपासून लांब जायला, कारण एका दुपारी मी एक वाक्य बोललो होतो.

त्यांची गाडी लागली. मी पिशवी आत ठेवली, खिडकीपाशी जागा धरून दिली, कंडक्टरला सांगितलं, की म्हातारीला नीट उतरवा. बाहेर उभा राहिलो. गाडी सुटायला पाच-सात मिनिटं होती. खिडकी उघडी होती आणि त्या माझ्याकडेच तोंड करून बसल्या होत्या. मी पाऊसपाण्याचं काहीतरी बोललो.

लेकीकडच्या विहिरीला पाणी लागल्याचं नंतर कळलं. तेव्हा अक्का म्हणाल्या म्हणे, "बघा, मी नव्हते म्हनून लागलं."

म्हणून हे लिहिलं. पण लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, अक्कांना वाचता येत नाही. मी त्यांचं देणं लागतो ते एवढं: त्यांच्यासमोर बसून, लेक-जावयाच्या देखत, तोंडानं सांगायचं, की त्या वावरात पाणी नव्हतं, ते नाही हे मला आधीपासून माहीत होतं, आणि त्यांचा त्यात काहीही दोष नव्हता. ते मी अजून सांगितलेलं नाही.